मान्यता कोणत्या अटीवर? : इस्लाम-बौद्ध संवादावरील एका ग्रंथाचा परामर्श

इस्लाम आणि बौद्ध धम्म यांच्यातील समान भूमी शोधणारा 'कॉमन ग्राउंड बिटवीन इस्लाम अँड बुद्धिझम' हा इंग्रजी ग्रंथ २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्ते रझा शाह-काझमी हे लंडनच्या इस्माईली अध्ययन संस्थेत संशोधन केलेले मुस्लिम विद्वान. ग्रंथारंभी परमपावन दलाई लामा यांचे प्राक्कथन आहे. जॉर्डनचे राजपुत्र गाझी बिन मुहम्मद आणि मलेशियातील विद्वान मोहम्मद हाशिम कमाली यांचे प्रास्ताविक लेख आहेत. अमेरिकन मुस्लिम विद्वान शेख हमझा यूसुफ यांचा, कुराणात बुद्ध आहे काय असा प्रश्न विचारणारा निबंधही सोबत जोडला आहे. २००७ साली १३८ मुस्लिम धर्मपंडितांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना उद्देशून 'अ कॉमन वर्ड' हे खुले पत्र लिहिले. त्या उपक्रमामागे जे राजपुत्र गाझी होते, तेच येथेही आहेत. म्हणजे बौद्धांपुढे केलेला हा हात एकट्या व्यक्तीचा नाही. मुस्लिम विद्वत्तेतील एक वजनदार प्रवाह त्यामागे उभा आहे.

ग्रंथ आता नवा राहिलेला नाही. तरीही त्याचा परामर्श येथे घ्यावासा वाटला, कारण त्यातील विचार आपल्या परिचयाचा आहे. सर्वधर्म परिषदांच्या व्यासपीठावर बौद्ध वक्त्याला बोलावले जाते, शाल दिली जाते, आणि अध्यक्षीय समारोपात सांगितले जाते की सर्व धर्म अखेरीस त्या एकाच शक्तीकडे नेतात, नावे तेवढी निराळी. बौद्ध वक्ता संकोचाने टाळ्या वाजवितो. शाह-काझमी यांनी हाच विचार पांडित्याने, प्रामाणिकपणे आणि उत्तम साधनसामग्रीनिशी मांडला आहे. तो तपासायचा तर त्याच्या उत्कृष्ट रूपातच तपासावा.

प्रथम ग्रंथाचे श्रेय. बौद्धांना मूर्तिपूजक व ईश्वर नाकारणारे म्हणून बाजूस सारण्याची जी प्रवृत्ती मुस्लिम समाजात आढळते, तिच्याशी ग्रंथकर्ते आपल्याच धर्मग्रंथाच्या आधारे झगडतात. प्रत्येक जनसमूहाकडे प्रेषित पाठविला गेला, असे कुराणाच्या दहाव्या सूरेत सांगितले आहे. काही प्रेषितांची हकिगत कथन केली आणि काहींची केली नाही, असे चाळिसाव्या सूरेत म्हटले आहे. मग न सांगितलेल्या प्रेषितांत शाक्यमुनी का असू नयेत, असा ग्रंथकर्त्यांचा प्रश्न आहे. त्यावरून बौद्धांना 'अहले किताब', म्हणजे ईश्वरी ग्रंथ लाभलेले लोक, या गणनेत घेण्याचा मार्ग ते मोकळा करतात. ज्यू आणि ख्रिस्ती यांना इस्लामी धर्मशास्त्रात जे स्थान आहे, ते बौद्धांना द्यावे असा याचा अर्थ. बुद्धमूर्तीविषयीही त्यांचे विवेचन उदार आहे. मुसलमान प्रेषितांचे नाव घेताना सलाम उच्चारतो, त्या उच्चारामागील स्मरणभाव आणि बौद्धाच्या मूर्तीकडे पाहण्यातील स्मरणभाव ते शेजारी शेजारी ठेवतात. मार्च २००१ मध्ये बामियानच्या मूर्ती सुरुंगांनी उडविल्या गेल्या; त्यानंतर नऊ वर्षांनी मुस्लिम लेखकाने आपल्या बांधवांसाठी हे लिहावे, ही धैर्याची गोष्ट आहे. आमचा पुढील मतभेद वाचताना वाचकांनी हे विसरू नये.

मतभेद मान्यतेविषयी नाही, मान्यतेच्या अटीविषयी आहे. अहले किताब व्हायचे तर किताब हवा, किताब यायचा तर तो पाठविणारा हवा. बुद्धाने असा कोणी पाठविणारा सांगितला नाही. ही अडचण ग्रंथकर्त्यांना ठाऊक आहे. त्यांचे उत्तर असे की बुद्ध ईश्वराविषयी बोलला नाही, परंतु ज्याला ईश्वर म्हणतात त्या परमतत्त्वाविषयी तो बोलला. पाली उदान ग्रंथात अजात, अकृत, असंखत अशा निषेधात्मक शब्दांनी ज्याचे वर्णन येते ते निर्वाण, महायानातील धर्मकाय आणि इस्लाममधील 'अल्-हक्क' म्हणजे सत्यस्वरूप अल्लाह, ही एकाच सत्याची निरनिराळ्या दिशांनी घेतलेली दर्शने आहेत. बुद्धाचे मौन म्हणजे नकार नव्हे, वाणीपलीकडील तत्त्वाचा आदर होय, असे ते म्हणतात. अशा रीतीने बौद्ध धम्म निरीश्वरवादी न राहता ईश्वराचे नाव न घेणारा धर्म ठरतो, आणि इस्लामच्या अंगणात त्याला जागा मिळते.

या मांडणीतील सर्वांत चातुर्यपूर्ण भाग कलम्याविषयीचा आहे. कलम्याचा आरंभ नकाराने होतो: कोणीही ईश्वर नाही, आणि मग येतो अपवाद, अल्लाहखेरीज. ग्रंथकर्त्यांच्या मते पहिला अर्धा भाग म्हणजेच शून्यता. सर्व सापेक्ष वस्तूंच्या स्वयंसत्तेचा निषेध. तुलना सुंदर आहे, आणि ती वाचताना क्षणभर आमचीही मान डोलली. परंतु संपूर्ण भेद त्या एका 'इल्ला' या अपवादवाचक शब्दात दडलेला आहे. नागार्जुनाच्या निषेधात 'इल्ला' नाही. मूलमध्यमककारिकेत तो बजावतो की शून्यतेलाच जो एक मत करून धरून बसतो त्याचा रोग असाध्य समजावा. सर्व काही नाकारून अखेरीस एक वस्तू शिल्लक ठेवावी यासाठी त्याचा निषेध नाही; शिल्लक ठेवण्याची तृष्णा जावी यासाठी आहे. पाली परंपरेतही हेच. धम्मपदात अनित्यता आणि दुःख सांगताना 'संखार' हा शब्द योजिला आहे, आणि अनात्म सांगताना तो बदलून 'धम्म' हा अधिक व्यापक शब्द घेतला आहे. परंपरेने या बदलाचा अर्थ असा लावला की असंखत निर्वाणही अनात्मच. निर्वाण नित्य असेल, पण ते कोणी नाही. ते ऐकत नाही, निर्माण करीत नाही, न्याय करीत नाही, प्रेषित पाठवीत नाही. अल्-हक्क हे अल्लाहचे एक नाव आहे. ऐकणारा, निर्माण करणारा, हिशेब घेणारा ही त्याचीच अन्य नावे आहेत. नव्व्याण्णव नावांतून एक वेगळे काढून त्याच्याशी निर्वाण जोडले तर दोन्हीकडे अन्याय होतो. सामान्य मुसलमान ज्या दयाळू परमेश्वरासमोर मस्तक टेकवितो त्याला ते शुष्क वाटेल. आणि बौद्धाच्या हातून त्याचा अनीश्वरवाद निसटेल.

येथे एक जुनी आठवण जागी होते. बुद्धाला आपल्या घरात घेण्याचा प्रयोग या भूमीत पूर्वी झालेला आहे. पुराणांनी त्याला विष्णूचा नववा अवतार केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील पाचवी प्रतिज्ञा या अवतारकल्पनेचा खोटा व खोडसाळ प्रचार म्हणून धिक्कार करते. शाह-काझमी यांचा प्रयत्न आणि पुराणकारांचा प्रयत्न एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल, हे आम्ही जाणतो. पुराणांतील बुद्ध असुरांना मोहात पाडण्यासाठी जन्म घेतो. त्याला घरात घेतले ते त्याची शिकवण निष्प्रभ करण्यासाठी. शाह-काझमी बुद्धाला प्रेषितांच्या पंक्तीत आदराने बसवितात. हेतू वेगळे आहेत. तरीही पाहुण्याची मूळ ओळख पुसल्याखेरीज त्याला आसन मिळत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. एकदा असे पोळल्यावर आम्ही ताकही फुंकून पितो, याबद्दल मुस्लिम मित्रांनी राग मानू नये.

हमझा यूसुफ यांच्या निबंधात या दृष्टीने कुतूहलाची माहिती आहे. इ. स. ११५३ मध्ये निधन पावलेले इराणी पंडित शहरस्तानी यांनी आपल्या धर्मपंथविषयक ग्रंथात बुद्धाची तुलना इस्लामी परंपरेतील गूढ ज्ञानी पुरुष खिज्र याच्याशी केली होती. कुराणात उल्लेखिलेला 'जुल्-किफ्ल' म्हणजे कपिलवस्तूचा पुरुष, असा तर्क विसाव्या शतकात काहींनी केला. कुराणाच्या पंचाण्णवाव्या सूरेच्या आरंभी ज्या अंजिराची शपथ आहे तो वृक्ष म्हणजे बोधिवृक्ष, असेही सुचविले गेले. बोधिवृक्ष पिंपळ, अंजीर नव्हे. दोघे वनस्पतिशास्त्रात एका कुळातील आहेत एवढेच. असे तर्क विद्वानांच्या सायंकालीन गप्पांत शोभतात. कपिलवस्तू कुराणात सापडले नाही म्हणून बौद्धांचे काही उणे होत नाही. ते सापडले म्हणून मुसलमान शेजाऱ्याने आमच्याशी अधिक चांगले वागावे, अशीही आमची इच्छा नाही. न सापडता त्याने चांगले वागावे.

आता प्रार्थनेकडे वळू. ग्रंथाचा हा भाग आम्हांस सर्वांत विचारप्रवर्तक वाटला, आणि आमच्या स्वतःच्या काही समजुतीही त्याने तपासावयास लावल्या.

प्रार्थना म्हणजे याचना, आणि याचना व्यर्थ, हे आपल्या प्रबोधनाचे आवडते सूत्र आहे. त्याला त्रिपिटकाचा भक्कम आधार आहे. दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण ब्रह्मसायुज्याच्या मार्गाविषयी वाद घालीत तथागतांकडे येतात. तथागत विचारतात, तुमच्या गुरूंपैकी, गुरूंच्या गुरूंपैकी कोणी ब्रह्म पाहिले आहे काय? मग अचिरवती नदीचा दृष्टान्त येतो. नदी दुथडी भरून वाहत आहे, पलीकडे जावयाचे आहे, आणि मनुष्य अलीकडच्या काठावर उभा राहून पलीकडच्या काठाला हाका मारीत आहे की इकडे ये. त्याच्या हाकांनी, स्तुतीने, विनवणीने काठ येईल काय? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ईश्वरश्रद्धेच्या विवेचनात हाच संवाद घेतला आहे. संयुत्तनिकायात नालंदा येथे असिबंधकपुत्र नावाच्या गामणीला तथागत डोहात टाकलेल्या दगडाचा दृष्टान्त देतात. लोकांनी काठावर हात जोडून कितीही प्रार्थना केली तरी दगड वर येत नाही. तेलाचे मडके पाण्यात फोडले तर तेल खाली जात नाही. मनुष्याची गती त्याच्या कर्माने ठरते. अंगुत्तरनिकायात अनाथपिंडकाला सांगितले आहे की आयुष्य, वर्ण, सुख, यश आणि स्वर्ग या गोष्टी याचनेने मिळत नाहीत. मिळत्या तर जगात कोणाला कशाचीच वाण पडती ना.

या शस्त्राने आम्ही नमाजवरही वार करीत असतो. शाह-काझमी वाचल्यावर असे ध्यानी येते की तो वार बहुतांशी चुकतो. इस्लाममध्ये 'दुआ' आणि 'सलात' या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुआ म्हणजे मागणे. सलात, जिला आपण नमाज म्हणतो, ती मागण्यासाठी नाही. वुजू करून, दिवसातून पाच ठरलेल्या वेळी, एका दिशेला तोंड करून, उभे राहणे, वाकणे, मस्तक भूमीला टेकविणे, ही शरीरासह करावयाची शिस्त आहे. तिच्यात प्रत्येक रकातीला जी पहिली सूरा म्हटली जाते, तीत मागणे आहे ते सरळ मार्गाचे. धनाचे वा पुत्राचे नाही. तिसरी गोष्ट 'जिक्र', म्हणजे स्मरण. ग्रंथकर्ते जिक्राच्या शेजारी बुद्धानुस्मृती आणि जपानमधील सुखावती पंथाचे नामस्मरण ठेवतात. मनुष्य विसराळू आहे, त्याला पुनःपुन्हा सत्याकडे वळवावे लागते, ही जाण दोन्हीकडे आहे आणि ती खरी आहे. सती हा शब्द स्मृतीपासूनच आला आहे, हे आपणही विसरू नये.

उलट, आपल्या विहारात काय चालते? आपण 'वंदना' म्हणतो, 'प्रार्थना' म्हणत नाही, आणि हा भेद जाणूनबुजून केलेला आहे. परंतु परीक्षेच्या आदल्या दिवशी मेणबत्ती लावून बुद्धमूर्तीपुढे, आणि शेजारच्या बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे, मनातल्या मनात जे बोलले जाते, ते वंदना असते की दुआ? नवस फेडल्यासारखे भोजनदान करणारे उपासक आपण पाहिलेले नाहीत काय? परित्राणपाठाचा धागा मनगटावर बांधताना किती जणांच्या मनात सुत्ताचा अर्थ असतो आणि किती जणांच्या मनात ताईत असतो? ज्याची नमाज मागणीविरहित आहे अशा मुसलमानाला आम्ही याचक म्हणावे आणि स्वतःच्या याचनेला वंदना म्हणावे, हे तथागतांच्या प्रश्नासमोर टिकणारे नाही. ग्रंथकर्त्यांनी हे आमच्याविषयी लिहिलेले नाही. त्यांच्या विवेचनाच्या उजेडात आम्हांसच दिसले.

तथापि येथेही ग्रंथाची निवड सोयीची आहे. 'तवक्कुल', म्हणजे अल्लाहवर सर्वस्वी भरवसा, याला समांतर म्हणून ते जपानी आचार्य शिनरान (११७३–१२६३) यांच्या 'तारिकी' म्हणजे परबल या कल्पनेकडे वळतात. शिनरान यांना बौद्ध परंपरेतून बाहेर काढण्याचा आमचा विचार नाही. जपानातील सामान्य, पापभीरू, विद्याहीन जनांना विद्वान भिक्षूंनी दूर ठेवले असता त्यांनी आधार दिला, ही त्यांची थोरवी दलितांच्या वंशजांनी तरी ओळखलीच पाहिजे. पण इस्लामला सर्वांत जवळची असलेली बौद्ध शाखा निवडून ती साऱ्या धम्माच्या वतीने बोलती करणे हा संवाद नव्हे. स्वतःच स्वतःचा दीप होण्याचा जो आदेश तथागतांनी अखेरच्या काळात आनंदाला दिला, तो तारिकीच्या शेजारी मांडला असता तर तुलना अवघड झाली असती आणि अधिक खरी ठरली असती. पाली ग्रंथ, महायान, तिबेटी परंपरा, सुखावती पंथ यांवर ग्रंथाची उभारणी आहे; बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेतून उभा राहिलेला समाज तिच्या कक्षेत येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत. मुसलमानांच्या मोहल्ल्याला लागून ज्यांची वस्ती आहे, असे बौद्ध हेच.

तेविज्ज सुत्ताकडे पुन्हा येऊ, कारण नदीच्या दृष्टान्ताबरोबर ते संपत नाही, हे आपले वक्ते बहुधा सांगत नाहीत. वासेट्ठ अखेर म्हणतो, आपण तरी मार्ग सांगावा. तथागत त्याला ब्रह्म नाही असे सांगत बसत नाहीत. तुझे ब्रह्म आणि माझे निर्वाण एकच, असेही सांगत नाहीत. ते त्याला शील सांगतात, आणि मग मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा सर्व दिशांना पसरविण्यास सांगतात. परधर्मीयाशी कसे बोलावे याचा याहून चांगला वस्तुपाठ आम्हांस ठाऊक नाही. वासेट्ठाची श्रद्धा कोठे खरी ठरते याचा निर्णय त्याच्या आचरणावर सोपविला आहे. शाह-काझमी यांनीही करुणा आणि 'रहमत' यांवर ग्रंथाचा तिसरा भाग दिला आहे. परंतु तेथेही करुणेचे मूळ परमतत्त्वात दाखविल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही. आम्हांस वाटते, त्यांच्या हाताशी कुराणातच याहून मोकळी जागा होती. पाचव्या सूरेत असा आशय आहे की अल्लाहने मनात आणले असते तर सर्वांना एकच समुदाय केले असते. तसे केले नाही, तेव्हा सत्कृत्यांत एकमेकांशी चढाओढ करा. त्रेपन्नाव्या सूरेत म्हटले आहे की कोणी कोणाचा भार वाहत नाही आणि मनुष्याला त्याच्या प्रयत्नाइतकेच मिळते. गामणीच्या डोहातील दगडापासून हे विधान फार दूर नाही. एकशे नवव्या सूरेत तर तुमचा धर्म तुम्हांला, माझा मला, असे स्पष्ट सांगून विषय संपविला आहे. त्या सूरेच्या आधारावर, आम्हांला गुप्त ईश्वरवादी न बनविता, आमच्याशी शेजारधर्म पाळता येत नाही काय?

इतिहासाच्या प्रकरणाविषयी थोडक्यात. सिंध जिंकल्यावर मुहम्मद बिन कासिमने तेथील बुद्धमंदिरांना ख्रिस्ती चर्च, ज्यूंची प्रार्थनागृहे आणि पारशांची अग्निमंदिरे यांच्या बरोबरीचे मानले, अशी नोंद नवव्या शतकातील बलाजुरीने केली आहे, आणि समान भूमीच्या पक्षाला तिचा मोठा आधार वाटतो. नोंद महत्त्वाची आहे. परंतु बरोबरीचे मानणे म्हणजे जिझिया भरून संरक्षित प्रजा होणे, हेही सांगावयास हवे. आणि सिंधमधील बौद्ध पुढे उरले नाहीत, हेही. बाबासाहेबांनी बौद्ध धम्माच्या ऱ्हासाची कारणे शोधताना मुस्लिम आक्रमणांचा उल्लेख टाळला नाही. 'बुत' हा मूर्तिवाचक शब्द बुद्धाच्या नावावरून आला, हे त्यांनीच निदर्शनास आणले. प्रार्थनेने दगड हलत नाही असे सांगणाऱ्याचे नाव दगडाच्या मूर्तीला मिळावे, हा इतिहासाचा विचित्र विनोद आहे. त्याचबरोबर बाबासाहेबांनी ब्राह्मणी प्रतिक्रांतीचा दोषही तितक्याच ठामपणे मांडला, हे विसरून त्यांचे मुस्लिमविषयक लेखन हल्ली जे लोक उद्धृत करतात, त्यांच्या पंक्तीस आम्ही बसू इच्छीत नाही. आणि बौद्धांनीही हात धुऊन मोकळे होऊ नये. २०१७ च्या ऑगस्टपासून म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमानांना बांगलादेशात पळून जावे लागले. त्यांच्याविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्यांत चीवरधारी भिक्षू होते. त्या भिक्षूंना असंखताची व्याख्या मुखोद्गत असेल. तिने त्यांना थांबविले नाही. परमतत्त्वाविषयी एकमत झाले की शांतता नांदेल, हा ग्रंथाचा मूळ विश्वास येथेच डळमळतो.

ग्रंथाचे मोठे मौन सामाजिक आहे. संवादाच्या मेजावर धर्मगुरू, राजपुत्र, प्राध्यापक आहेत. आपल्या देशात मुसलमान म्हणून ज्यांच्याशी आमचा संबंध येतो ते कसाई, विणकर, पिंजारी, बागवान, फकीर असे कष्टकरी. बाबासाहेबांनी 'पाकिस्तान' विषयक ग्रंथात १९०१ च्या बंगालच्या जनगणना अहवालाच्या आधारे अश्रफ, अजलाफ आणि अर्जल असे मुस्लिम समाजातील थर दाखविले. अर्जलांना मशिदीत प्रवेश नव्हता, सार्वजनिक दफनभूमीही नव्हती. एका रांगेत उभे राहून केल्या जाणाऱ्या ज्या नमाजचे समतेचे प्रतीक म्हणून कौतुक होते, त्या रांगेबाहेर उभे असलेले हे लोक तौहीदविषयीच्या कोणत्याही चर्चेत दिसत नाहीत. १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाचे पाणी बाबासाहेबांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हातपाय धुण्यासाठी घेतले, तेव्हा हौद बाटविला म्हणून ओरडत आलेला वृद्ध मुसलमान होता. आणि १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेला सवर्णांनी जागा नाकारली, तेव्हा मंडपासाठी जमीन देणारे फत्तेखान हेही मुसलमानच होते. दोघांचा कलमा एकच. विवाहसंबंध ठरविताना पोटजात विचारणाऱ्या आमच्या बौद्ध कुटुंबांचे त्रिशरणही एकच असते.

दोन्ही समाजांचा एक प्रत्यक्ष प्रश्न तर समोर पडून आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित मुस्लिमांचा झालेला नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली होती. जी अट आमच्यावरून उठण्यास धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे लागली, ती शेजाऱ्यावर असावी की नसावी, याविषयी आंबेडकरी बौद्धांचे मत काय? काहींना वाटा कमी होण्याची भीती वाटते, हे आम्ही ऐकून आहो. त्या भीतीविषयी मोकळेपणाने बोलणे हा धर्मसंवादच आहे, अजात आणि अल्-हक्क यांच्यावरील परिसंवादाहून अवघड.

ग्रंथ मिटताना आम्हांस राहून राहून महात्मा जोतीराव फुले आठवले. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. घरातील स्त्रीने बौद्ध ग्रंथ वाचून वाटल्यास बौद्ध व्हावे, पतीने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, कन्येने कुराण वाचून मुसलमान व्हावे, पुत्राने सत्यधर्म स्वीकारावा, आणि सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात प्रेमाने राहावे. त्या घरात परमतत्त्वाचा समान विभाजक शोधण्याची अट कोठेही नाही. जोतीराव स्वतः 'निर्मिक' मानीत होते आणि प्रेषित महंमदांवर त्यांनी आदराने काव्यही लिहिले. कबीर मुसलमान विणकराच्या घरी वाढला आणि तोही एका परमेश्वराचे गीत गात राहिला. ईश्वर न मानणाऱ्या बाबासाहेबांनी बुद्धाबरोबर या दोघांना गुरू म्हटले. निर्मिक म्हणजेच निर्वाण असे सिद्ध करण्याची त्यांना गरज भासली नाही.

२०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी १४ एप्रिल रमजानच्या महिन्यातच आला. मशिदीसमोरून मिरवणूक जाताना तरावीहच्या नमाजची वेळ झाली तर ढोल किती वेळ थांबवावेत, आणि रोजा सोडल्यानंतर मोहल्ल्यातील मुलांनी मिरवणुकीत यावे की नाही, हे प्रश्न वस्तीवस्तीतून सोडवावे लागतात. विहाराच्या समितीने आणि मशिदीच्या विश्वस्तांनी पुढच्या अशा प्रसंगाआधी एकत्र बसायचे ठरविले, तर शाह-काझमी यांचा ग्रंथ मेजावर असावा, आमची हरकत नाही. सोबत तेविज्ज सुत्त असावे, आणि जोतीरावांचे ते पानही असावे.